पडदा, फळा आणि शिक्षक

(शिक्षकांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला मान्यता दिली. त्यानंतर त्यातील मातृभाषेच्या माध्यमावर, इयत्तांच्या नव्या आकृतिबंधावर आणि व्यावसायिक शिक्षणावर पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले. एका लहानशा तरतुदीकडे मात्र समाजाचे फारसे लक्ष गेले नाही. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वत:च्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी ती तरतूद. त्यासाठी अनेक मार्ग उपलब्ध असावेत, ऑनलाइन मार्गही असावा आणि काय शिकायचे याचा निर्णय शिक्षकाच्या स्वत:च्या आवडीवर व गरजेवर सोपवावा, असेही धोरण सांगते.

वर्षाला ५० तास म्हणजे आठवड्याला जेमतेम एक तास. ज्याच्या हाती चाळीस मुलांची वर्षे सोपविलेली आहेत, त्याने आठवड्यातून एक तास स्वत: विद्यार्थी व्हावे, ही अपेक्षा कोणालाही अवास्तव वाटणार नाही. प्रश्न तासांचा नाहीच. तो तास कसा जातो, हा प्रश्न आहे. भ्रमणध्वनीवर चित्रफीत सुरू करून ठेवायची, शेजारी उत्तरपत्रिका तपासत बसायचे, अखेरीस दहा प्रश्नांच्या चाचणीची उत्तरे एखाद्या सहकाऱ्याकडून मागवून घ्यायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, हा प्रकार या सभागृहात कोणाला ठाऊक नाही, असे म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल. त्याच पडद्यावर, त्याच चित्रफितीतून एखादा शिक्षक मात्र आपल्या वर्गात दहा वर्षे चाललेली चूक ओळखतो आणि दुसऱ्या दिवशी निराळ्या रीतीने शिकवू लागतो. साधन दोघांच्याही हाती एकच असते. मग फरक कशाने पडतो, हा आजच्या विवेचनाचा विषय.

ज्याला इंग्रजीत ब्लेंडेड लर्निंग म्हणतात, त्याला मराठीत संमिश्र अध्ययन असा शब्द रूढ होत आहे. समोरासमोरचे अध्यापन आणि पडद्यावरचे अध्ययन यांचे मिश्रण, असा त्याचा ढोबळ अर्थ. परंतु केवळ दोन पदार्थ एका भांड्यात ओतले म्हणजे मिश्रण होत नाही. सकाळी तज्ज्ञांचे भाषण आणि सायंकाळी त्याच भाषणाची चित्रफीत, यास संमिश्र म्हणता येणार नाही. पडद्यावर जे पाहिले त्याने वर्गात काही घडले पाहिजे आणि वर्गात जे घडले ते घेऊन शिक्षकाने पुन्हा पडद्याकडे किंवा सहकाऱ्याकडे यावे, हे येणेजाणे म्हणजे संमिश्र अध्ययन.

पत्रिकेपासून उपग्रहापर्यंत

शिक्षक आहे तेथेच त्याच्यापर्यंत ज्ञान पोहोचवावे, ही कल्पना संगणकाबरोबर जन्मली असे समजण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात ‘शालापत्रक’ हे मासिक निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यामागून विष्णुशास्त्री यांनी त्याचे संपादन केले. आडगावचा पंतोजी टपालाने येणाऱ्या त्या अंकातून आपला व्यासंग वाढवीत असे. विसाव्या शतकात ताराबाई मोडक यांनी ‘शिक्षणपत्रिके’तून बालशिक्षणाचा विचार मराठी शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत नेला. एकट्या पडलेल्या शिक्षकाला ‘आपल्यासारखे आणखी आहेत’ असे वाटणे, हे या पत्रिकांचे मोठे देणे होते. मात्र त्यांचा संवाद बहुधा एकमार्गी राही.

स्वातंत्र्योत्तर काळात जो प्रयोग झाला, त्याचे स्मरण आज जवळजवळ नाहीसे झाले आहे. डॉ. विक्रम साराभाई यांच्या दूरदृष्टीतून आखला गेलेला उपग्रह दूरदर्शन प्रयोग, ज्याला ‘साइट’ म्हणत, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात पार पडला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी एक वर्ष उपलब्ध झाला होता. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन संच बसविण्यात आले. शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम त्यावर दिसत, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु त्याच प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण दोन फेऱ्यांत देण्यात आले आणि जवळपास ५० हजार शिक्षकांपर्यंत ते पोहोचले.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. शिक्षक जवळच्या केंद्रावर जमत. दूरदर्शनवर कार्यक्रम होई, आकाशवाणीवरून पूरक माहिती मिळे, हातात कृतिपुस्तिका असे आणि प्रत्येक केंद्रावर आधी तयार केलेला एक शिक्षक सहकाऱ्यांकडून ते प्रयोग प्रत्यक्ष करवून घेई. शंका तेथेच विचारल्या जात. म्हणजे पडदा, पुस्तिका, हातांनी करावयाचे काम आणि शेजारी बसलेला जाणता सहकारी, असे चारही घटक १९७५ साली एकत्र आले होते. आज आपल्याकडे पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे. उरलेल्या तिघांचे काय झाले, हे मात्र विचारावे लागते.

उपग्रह परत गेला आणि ती घडी मोडली. २० सप्टेंबर २००४ रोजी भारताने खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ अवकाशात धाडला. तंत्र स्वदेशी होते, अभिमान वाटावा असे होते. पण अनेक ठिकाणी केंद्रावरचा जाणता सहकारी घडविण्याचे काम उपग्रह सोडण्याइतक्या तळमळीने झाले नाही.

ती तळमळ मुंबईच्या आयआयटीत दिसली. केंद्र सरकारने २००९ साली माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्यातून प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी मोठ्या कार्यशाळा होऊ लागल्या. एकाच वेळी दहा हजार अध्यापकांना शिकवायचे, असे त्यांचे ध्येय. पवईतील व्याख्यान देशभरच्या महाविद्यालयांतील केंद्रांवर थेट दिसे. परंतु त्या व्याख्यानाच्या कितीतरी आधी प्रत्येक केंद्राचा समन्वयक पवईला येऊन स्वत: तो विषय शिकून जाई. व्याख्यान संपले की आपापल्या केंद्रातील प्रयोगशाळेत अध्यापकांना उदाहरणे सोडवावी लागत आणि अडले तर समन्वयक तेथे हजर असे. पडद्यामागचा हा माणूस नसता तर दहा हजार अध्यापकांनी एक उत्तम भाषण ऐकले, एवढेच झाले असते.

त्याच संस्थेतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने वेगळी वाट धरली. दहा-दहा मिनिटांचे लहान पाठ. अर्ध्या पडद्यावर पाठ आणि उरलेल्या अर्ध्यावर शिकणाऱ्याने स्वत: तीच कृती करून पाहायची. पाठाची संहिता ध्वनिमुद्रित होण्यापूर्वी त्या विषयातील नवशिक्याकडून तपासून घेतली जाते, कारण तज्ज्ञाला जे सहज वाटते तेथेच नवशिका अडखळतो. पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत आणि इंटरनेट नसतानाही चालतात. नवशिक्याला न दाखविता पाठ प्रसिद्ध करायचा नाही, हा नियम आपल्या सगळ्याच प्रशिक्षण साहित्याला लावला तर निम्मे साहित्य परत पाठवावे लागेल.

अपूर्णांकाचा एक तास

आता महाविद्यालयातून उतरून आपण प्राथमिक शाळेत येऊ. एखाद्या डोंगराळ तालुक्यातील द्विशिक्षकी शाळा कल्पावी. चौथी-पाचवी एका खोलीत. पाचवीच्या मुलांना एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दिली आहे. निम्म्याहून अधिक मुलांनी उत्तर लिहिले, दोन पंचमांश. अंशात अंश मिळविला, छेदात छेद मिळविला. गुरुजी वर्षानुवर्षे या उत्तरावर लाल फुली मारत आले आहेत आणि ‘आधी छेद समान करा’ हा नियम पुन्हा सांगत आले आहेत. मुले नियम पाठ करतात, चाचणीपुरता वापरतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा दोन पंचमांश लिहितात.

हे गुरुजी एका सायंकाळी ‘दीक्षा’ या शासकीय मंचावर अपूर्णांकाचा पाठ पाहतात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, हा मंच सुरू झाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवर भ्रमणध्वनी धरला की त्या प्रकरणाचे साहित्य समोर येते. पाठ चांगला आहे, पण त्यातही अखेरीस नियमच आहे. मग कोणी सुचविल्यावरून ते अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या ‘फेट’ या उपक्रमाची अपूर्णांकाची आभासी कृती उघडतात. ती मराठीतही मिळते, फुकट मिळते आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते. वर्तुळाचे तुकडे सरकवता सरकवता गुरुजींच्या ध्यानात येते की, दोन पंचमांश हा तर अर्ध्यापेक्षा लहान आहे! अर्ध्या भाकरीत आणखी एक तृतीयांश भाकरी ठेवली आणि भाकरी पूर्वीपेक्षा कमी झाली, असे मुले लिहीत होती. इतकी वर्षे त्या उत्तराकडे ‘चूक’ म्हणून पाहिले गेले. उत्तराच्या आकाराकडे कोणी पाहिलेच नव्हते.

येथपर्यंतचे काम पडद्याने केले आणि चोख केले. पुढचे त्याला करता येत नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी कागदाच्या पट्ट्या आणतात, मुलांकडून घड्या घालवून घेतात, वर्गात आनंदीआनंद होतो. गुरुजी छायाचित्र काढतात, तालुक्याच्या गटावर टाकतात, त्यावर पुष्पगुच्छांची आणि हात जोडल्याची चिन्हे येतात. आठवड्याने लेखी उदाहरण दिले, तर पुन्हा दोन पंचमांश. घड्या घालताना मुले कागदाशी बोलत होती आणि वहीत उतरताना पुन्हा अंकांशी. या दोहोंमध्ये पूल बांधला गेलाच नव्हता.

बहुसंख्य प्रशिक्षणे या क्षणाच्या अलीकडेच संपतात. चित्रफीत पाहिली, कृती केली, छायाचित्र पाठविले, काम पूर्ण झाले. वस्तुत: शिक्षकाचे शिक्षण येथून सुरू व्हायचे असते. हे गुरुजी महिन्याच्या शिक्षण परिषदेला जाताना छायाचित्राऐवजी मुलांच्या वह्या बरोबर नेतात. शेजारच्या शाळेतील बाई त्या पाहतात आणि विचारतात, “बेरीज करायला सांगण्याआधी उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे येईल की लहान, हे तुम्ही मुलांना कधी विचारता का?” गुरुजींनी ते कधीच विचारलेले नसते. पुढच्या आठवड्यात ते विचारतात. मुले आधी अंदाज सांगतात, मग उत्तर काढतात आणि दोन पंचमांश आले तर स्वत:च खोडतात. सगळी नाहीत; पण काही मुले खोडतात. ती खोडलेली उत्तरे म्हणजे गुरुजींच्या व्यावसायिक विकासाचा पुरावा. कोणत्याही प्रमाणपत्रावर त्याची नोंद होत नाही.

ऑनलाइन साधनांचा उपयोग मुलांच्या चुका गोळा करण्यासाठी होऊ शकतो, हे येथे जाताजाता सांगायला हवे. बहुपर्यायी चाचणी गूगल फॉर्मवर घेतली की कोणी किती गुण मिळविले हे सगळे पाहतात. कोणत्या चुकीच्या पर्यायावर किती मुले गेली, हे फार थोडे पाहतात. सारे ज्ञान त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

भेट आणि संदेश

महाराष्ट्रात शिक्षकांनी एकमेकांकडून शिकण्याचे मोठे पर्व गेल्या दशकात घडले. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली ज्ञानरचनावादी पद्धतीने अध्यापन सुरू झाले. खडे, काड्या, बाटल्यांची झाकणे, फरशीवर आखलेली रेखाटने आणि त्यांभोवती गटागटाने बसून शिकणारी मुले. ही वार्ता पसरली. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासनाचा कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक कुमठ्याच्या शाळा पाहावयास जाऊ लागले. अनेकांनी स्वखर्चाने प्रवास केला. परत आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर छायाचित्रे, शंका, साहित्य बनविण्याच्या युक्त्या यांची देवाणघेवाण रात्री उशिरापर्यंत चाले. कोणी त्याला संमिश्र अध्ययन म्हटले नाही, पण तेच ते होते. आधी डोळ्यांनी पाहिले, मग स्वत:च्या वर्गात केले, मग दूरच्या सहकाऱ्याला विचारले.

याचीच दुसरी बाजूही त्याच काळात दिसली. ज्यांनी केवळ छायाचित्रे पाहिली, त्यांनी शाळेच्या फरश्या रंगविल्या. गावाने वर्गणी काढली, रंगारी आला, फरशीवर शतक-दशक-एककाची सुबक चित्रे झाली आणि मुले पूर्वीप्रमाणेच रांगेत बसून घोकत राहिली. ज्ञानरचनावाद म्हणजे रंगविलेली फरशी, अशी थट्टा होऊ लागली. भ्रमणध्वनीवरून फरशीचे चित्र पोहोचते. मुलाला उत्तर न सांगता थांबण्याचा शिक्षकाचा संयम पोहोचत नाही. तो वर्गात बसून पाहावा लागतो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण या संदर्भात पुष्कळदा दिले जाते. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लक्ष डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकली. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला, हे सर्वतोमुखी झाले. आधी राज्याने आणि मग एनसीईआरटीने ती कल्पना स्वीकारली. परंतु त्या कोडमागे आपल्याच वर्गातील मुलांना काय लागते हे हेरून साहित्य तयार करणारा शिक्षक होता. आज प्रत्येक पुस्तकावर कोड आहे. त्यामागचे साहित्य स्वत: तपासून, आपल्या वर्गास योग्य ते निवडणारे शिक्षक किती, याची चौकशी ज्याने त्याने आपापल्या शाळेत करावी.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सारे काही पडद्यावर आले. त्या दीड-दोन वर्षांत शिक्षकवर्गाने जे तंत्र आत्मसात केले, ते एरवी दहा वर्षांत झाले नसते, हे निर्विवाद. चित्रफीत बनविणे, ऑनलाइन सभा घेणे, चाचणी तयार करणे हे निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे शिक्षकही शिकले, कित्येकदा आपल्याच नातवंडांकडून. पण याच काळाने पडद्याची मर्यादाही शिकविली. जेथे भ्रमणध्वनी नव्हते तेथे सोलापुरात घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले. विदर्भात आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरली. जे शिक्षक मास्क लावून पाड्यावर, वस्तीवर गेले, ओसरीवर चार मुले घेऊन बसले, त्यांना आपल्या ऑनलाइन पाठातील कोणता भाग मुलांच्या डोक्यावरून गेला हे कळले. जे केवळ दुवे पाठवीत राहिले, त्यांना ते कळले नाही.

हा केवळ अनुभवाचा भाग नाही. दक्षिण आफ्रिकेतील म्पुमलांगा प्रांतात प्राथमिक शिक्षकांवर तीन वर्षे एक काटेकोर प्रयोग झाला. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून कशी शिकवावी, याचे मार्गदर्शन काही शाळांना वर्गात येऊन बसणाऱ्या मार्गदर्शकाकडून मिळाले. दुसऱ्या काही शाळांना टॅबलेटवर पाठ-आराखडे आणि दूरध्वनीवरून, संदेशांतून मार्गदर्शन मिळाले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील मुलांचे इंग्रजी बोलणे व समजणेही सुधारले आणि वाचनही. दुसऱ्या गटात बोलण्यात थोडी सुधारणा झाली, वाचनात काहीच नाही. उलट मातृभाषेतील वाचन-लेखन काहीसे मागे पडले. शेवटची गोष्ट मराठी शाळांनी विशेष ध्यानात घ्यावी. शिक्षकाचा वेळ आणि लक्ष मर्यादित असते. दूरवरून एका विषयाचा रेटा लावला की दुसऱ्या विषयाची ओढाताण होते आणि ती पाहायला वर्गात कोणी नसते.

याउलट निव्वळ समोरासमोरचे प्रशिक्षण आदर्श होते, असे म्हणावे तर आपल्या जुन्या प्रशिक्षणवर्गांची आठवण आड येते. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला असा विचार झिरपत येई आणि शेवटच्या वर्गात पोहोचेपर्यंत त्यात चहा, भोजन आणि हजेरीपत्रक एवढेच शिल्लक राही. तज्ज्ञाचा मूळ शब्द प्रत्येक शिक्षकापर्यंत न विरघळता नेणे, हे पडद्याचे खरे बळ आहे. शिक्षकाने तो हवा तेव्हा थांबवावा, मागे न्यावा, रात्री अकरा वाजता पुन्हा ऐकावा. ही सोय कोणत्याही सभागृहात नाही.

पन्नास तासांचे काय करायचे?

‘निष्ठा’ हा ४२ लक्ष प्राथमिक शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवणारा कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांच्या रूपात सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२० पासून ऑनलाइन आला. जगात एवढा मोठा शिक्षक-प्रशिक्षणाचा उपक्रम क्वचितच झाला असेल. महाराष्ट्रात १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड श्रेणीचे प्रशिक्षणही २०२२ साली ऑनलाइन झाले. वेतनवाढ आणि अभ्यासक्रम यांची अशी गाठ पडली की शिक्षकाचे लक्ष स्वाभाविकपणेच अभ्यासावरून पूर्ततेकडे वळते. त्यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. व्यवस्था जे मोजते तेच माणूस पुरविणार. टक्केवारीची पट्टी शंभरवर गेली की नाही हे मोजले, तर पट्टी शंभरवर जाते.

शिवाय ज्या भ्रमणध्वनीवर शिक्षकाने शिकावे अशी अपेक्षा आहे, त्याच भ्रमणध्वनीवर ‘आज दुपारी तीनपर्यंत माहिती भरावी, अत्यंत तातडीचे’ असे संदेश दिवसभर येत असतात. यू-डायसची माहिती, पोषण आहाराची माहिती, सर्वेक्षण, निवडणूक, उपक्रमाची छायाचित्रे. सायंकाळी तेच यंत्र हाती घेऊन शांतपणे अध्ययन करावे, असे वाटण्याची शक्यता किती? पन्नास तासांची अपेक्षा धरणाऱ्या यंत्रणेने त्या पन्नास तासांपुरते तरी हे तातडीचे संदेश बंद ठेवले, तर तीही शिक्षक विकासाची एक योजनाच ठरेल.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांसाठी या ५० तासांची विभागणी केली. २५ तास मंडळाच्या वा शासकीय संस्थांच्या प्रशिक्षणाचे आणि २५ तास शाळेतच अथवा शेजारच्या शाळांनी मिळून करावयाच्या प्रशिक्षणाचे. त्यातील दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला केंद्राची शिक्षण परिषद ही आयतीच मिळालेली जागा आहे. दर महिन्याला आठ-दहा शाळांचे शिक्षक एकत्र येतात. आज त्या परिषदेचा बराच वेळ परिपत्रके वाचण्यात जातो. परिपत्रके भ्रमणध्वनीवर आधीच आलेली असतात; ती वाचण्यासाठी वीस किलोमीटर जाण्याचे प्रयोजन नाही. जे पडद्यावर होऊ शकते ते पडद्यावर जाऊ द्यावे आणि जे पडद्यावर होऊ शकत नाही त्यासाठी परिषद मोकळी करावी. तज्ज्ञाचा पाठ घरी पाहून यायचा आणि परिषदेत वह्या उघडायच्या, इतका साधा बदल करायला शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. केंद्रप्रमुख आणि चार शिक्षक यांचे एकमत पुरते.

केंद्रप्रमुखावर ‘साइट’मधील त्या केंद्रावरच्या शिक्षकाची, पवईहून शिकून आलेल्या त्या समन्वयकाची भूमिका येते. अहवाल गोळा करणारा अधिकारी ही ओळख बाजूला ठेवून त्याला वर्गात मागच्या बाकावर बसावे लागेल. अनेक केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, हे खरे आहे. तेथे मुख्याध्यापकांनी किंवा अनुभवी शिक्षिकेने हे काम आळीपाळीने करण्यास कोणाची हरकत असणार? शिक्षिका म्हणण्याचे कारण असे की, प्राथमिक शाळांत भगिनींची संख्या मोठी आहे आणि घर सांभाळून सायंकाळी ऑनलाइन वर्गाला बसणे त्यांनाच सर्वांत अवघड जाते. त्यांच्यासाठी शाळेच्या वेळेतील एक तास घरच्या चार तासांहून मोलाचा आहे.

पुढील महिन्याच्या शिक्षण परिषदेला निघताना प्रत्येकाने पिशवीत एक वही ठेवावी. आपल्या वर्गातील ज्या उत्तरावर आपण वर्षानुवर्षे फुली मारत आलो, त्या उत्तराची. छायाचित्र नको, पीपीटी नको. वही शेजारच्या शिक्षकापुढे ठेवावी आणि मुलाने असे का लिहिले असेल, एवढेच विचारावे.